तिसरा भोंगा

रवि. २७ फेब्रुवारी, लातूर
मंगल माहेरी गेली, उदगीरला. सांगायला पाणीटंचाई, खरं कारण ही रेकॉर्ड. "घरात ती तरी राहील न्हाई तर मी." बायकोचा असा निकाल!
मित्र वामननं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणून दिली. साठच्या दशकातली, अमेरिकेतली कुठलीशी रॉक टोळी. वा. म्हणतो, पुढचे सगळे यांच्याकडूनच शिकले. काय शिकले देव जाणे. गिटारी एकमेकींशी भांडतात, ढोलवाला भलत्याच वरातीतला, गाणारा घसा खरवडतो. दुसऱ्या बाजूला दोनदा भोंगा, थेट ट्रकचा वाटावा असा. वा.चा हुकूम : दहादा ऐक, मग बोल. आज चौथी खेप. डोकं दुखलं.

रवि. ६ मार्च
लातूर जिल्हा झाला, ऑफिसात नव्या खुर्च्या आल्या, नळ कोरडेच. टँकर गल्लीत शिरत नाही, तोंडाशी थांबून भोंगा देतो, आतल्या घरांना ऐकू जात नाही. माझी खोली तोंडाशीच. म्हणून रविवारी हाळी द्यायचं काम माझं, एरवी घरमालकीण काशीकाकूंचं. हाळी आल्याशिवाय कुणी दार उघडत नाही, या उन्हात उगाच कोण उभं राहणार.
दुपारी रेकॉर्ड. आणि आज उलगडली! सगळे ठरवून चुकतात आणि एकदमच सावरतात. दुसऱ्या बाजूला तिसरा भोंगाही ऐकू आला, चांगला लांबलचक. इतके दिवस कसा निसटला? वा.ला कळवायला हवं. फार दिवसांनी असा आनंद.
टँकर काही आला नाही.

सोम. ७
काशीकाकू पडल्या. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि पूजेपुरतं पाणी घरात नव्हतं. माझ्याकडे अर्धी घागर होती. मागितली नाही. पहाटे शाळेमागच्या हापशावर गेल्या, शेवाळावरून पाय घसरला. खुबा दुखावलाय, उठायचं नाही म्हणून डॉक्टरनं सांगितलं.
गल्लीतले विचारायला आले, "अण्णा, काल भोंगा वाजला होता का?" नाही म्हणालो. छातीठोक.

बुध. ९
टँकरवाले रशीदभाई दारात. गल्लीनं तक्रार केली, सोमवारी साहेब गाडी काढून घेणार. "साब, लंबा हारन मारा मैं. एक बी बाई नै आयी, तो आगे निकल गया. बच्चों की कसम."
ते गेल्यावर दुसरी बाजू लावली. भोंगा दोनदा. पुन्हा लावली. दोनदाच.


शुक्र. ११
कुणाला बोललो नाही. काकूंकडे सकाळ-संध्याकाळ पाणी भरतो. "पोटच्या लेकानं केलं नसतं रे." मी चोर आहे, आणि शाबासकी खातोय. रेकॉर्ड फोडायला उचलली, पुन्हा खोक्यात ठेवली. ती अजून आवडते याची जास्त लाज वाटते.

रवि. १३
टँकर सकाळीच येऊन गेला. रस्त्यावर उभा राहून हाळी दिली, घसा बसेपर्यंत.
दुपारी काकू म्हणाल्या, "दार लावून काय ऐकत बसतुस रे? आण की हिकडं. पडून पडून जीव आंबला." फोनो खाटेजवळ ठेवला. पहिलीच बाजू लावली. "ह्ये गाणं हाय का भांडण?" हसल्या. "दुसऱ्या अंगाला काय हाय?"
काहीतरी सांगून टाळता आलं असतं. लावली.
भोंगा वाजला तशा कोपरावर उठल्या. "परत आला बग टँकर! ऊठ, हाळी दे!"
मी जागचा हललो नाही. तेवढ्यात पुन्हा वाजला. बाहेर गल्ली सामसूम. काकू फोनोकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.
"त्या रविवारी बी ह्येच लावलं हुतंस?"
"हो काकू."
काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. बाजू संपली, सुई खरखरत राहिली, बंद करायचं सुचलं नाही.
"रशीदचं उद्याच हाय न्हवं?" म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांची पाठ होती.
संध्याकाळी पूजेच्या पाण्याची घागर घेऊन गेलो. "आजचं हाय," म्हणाल्या. "उद्याचं तू रशीदच्या सायबाच्या हापिसातून आल्यावर आण. तवर माझी पूजा न्हाई."
ऑफिस साडेदहाला उघडतं.