थांब्यावरचे उभे आजोबा

आदरणीय दाजी यांस,

तुमच्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे माझे गुडघे, पाठ, उजवा डोळा आणि झोप सोडून. तुमचा खोकला गेला का? तो कोरडा होता की ओला, हे विचारायचं मागच्या वेळी राहून गेलं, तेव्हापासून जिवाला घोर आहे. फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही फोन उचलत नाही. धाकटीने (म्हणजे माझी बहीण, तुमची बायको, तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याचा गोंधळ नको) शेजारणीच्या फोनवरून कळवलं की मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलो नाही, तुम्ही डबा घेऊन दवाखान्याच्या दारात दिवसभर ताटकळलात, डॉक्टरांपुढे तुम्हाला मान खाली घालावी लागली, आणि आता 'त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही' असं तुम्ही ठरवलं आहे. दाजी, तुमचा राग अगदी योग्य आहे. फक्त तो चुकीच्या माणसावर आहे. तो बसच्या ड्रायव्हरवर असायला हवा, आणि थोडासा आमच्या शिंप्यावर. कसा ते मुळापासून सांगतो. चहा घेऊन बसा.

आमच्या गावाचा थांबा म्हणजे वळणावरचा एक लोखंडी खांब आणि त्यावर गंजलेली पाटी, हे तुम्ही पाहिलंच आहे (तुमचा सदरा तिथेच फाटला होता). तिथे कुणी उभं दिसलं तरच बस थांबते, नाहीतर ड्रायव्हर वेगसुद्धा कमी करत नाही. आमचं घर वरच्या अंगाला. पुलाजवळ हॉर्न वाजला की मी निघतो, पण माझे गुडघे आणि बसची चाकं यांचा मेळ बसत नाही. मी कुंपणाशी पोचेपर्यंत बसची मागची बाजू दिसते. तुम्ही म्हणाल, आधीच जाऊन बसावं. बसून पाहिलं. पण तिथे बसलं की मला वाटतं घरी गॅस चालू राहिला. वर जाऊन बघावं तर गॅस बंद असतो आणि बस गेलेली असते. यावर तुमच्या वहिनीचं (म्हणजे माझ्या बायकोचं) म्हणणं असं की ती दिवसभर घरातच असते आणि गॅस तिला बंद करता येतो. असेल. पण काळजी काही घरात कोण आहे ते विचारून येत नाही.

मग मला एक युक्ती सुचली. पाचवीपर्यंतच शिकलेल्या माणसालाही कधी कधी सुचते. मक्याच्या शेतात आमचं एक बुजगावणं होतं. कामाचं काहीच नव्हतं. पाखरं त्याच्या खांद्यावर बसून कणसं सोलायची. म्हटलं, पाखरांना नाही तर निदान ड्रायव्हरला तरी फसवेल. ते उचललं आणि थांब्यावर खांबाला बांधलं. पुलाजवळून बस आली की ड्रायव्हरला माणूस उभा दिसावा, त्याने ब्रेक दाबावा, तेवढ्यात मी खाली पोचावं, इतका साधा हिशेब. त्याला माझा तपकिरी कोट घातला (अस्तरवाला, तुमच्या लग्नातला) आणि कानटोपी चढवली.

इथवर काम माझं होतं. पुढे गाव त्यात पडलं. शिंपी सहज बघायला आला आणि म्हणाला, "आजोबा, हा तुम्ही वाटत नाही. तुमचा डावा खांदा उतरलाय, ह्याचे दोन्ही सरळ आहेत." दुपारी सुई-दोरा घेऊन आला, खांदा उतरवला, शिवाय पोटात थोडा पेंढा भरला. मी म्हटलं, माझं पोट एवढं नाही. तो म्हणाला, "तुम्ही ते वरून बघता." न्हाव्याने दुकानातल्या पांढऱ्या केसांच्या मिश्या चिकटवल्या, त्यातले काही केस माझेच होते असं तो शपथेवर सांगतो. शाळेच्या बाईंनी, डोकं म्हणून लावलेल्या बरणीवर नाक-डोळे काढले आणि कपाळावर आठ्या काढल्या. मी विचारलं, आठ्या कशाला? बाई म्हणाल्या, त्याशिवाय ओळख पटत नाही. माझ्या चेहऱ्यावर आठ्या असतात हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्या वाढल्या आहेत.

पहिल्या दिवशी बस कचकन थांबली. कंडक्टर बाई आतून ओरडल्या, "ओ आजोबा, चढा की पटकन! का आमंत्रण पाहिजे?" हे गृहस्थ ढिम्म. त्या खाली उतरल्या, हाताला धरून ओढलं, तर हात त्यांच्याकडेच आला. (त्या किंचाळल्या ते मला वरच्या वाटेवर ऐकू आलं.) तोवर मी धापा टाकत पोचलो. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मी सीटवर बसल्यावर तो हात माझ्या मांडीवर ठेवला आणि तिकीट फाडलं.

पण सोय झाली, आणि ती सगळ्यांची झाली. दूधवाला जाता जाता रिकामी किटली त्याच्या उरलेल्या हाताला अडकवू लागला, शाळेच्या बाई ऊन असलं की त्याच्या आडोशाला उभ्या राहू लागल्या. गावाने त्याचं नाव ठेवलं उभे आजोबा. त्यामुळे मी न विचारता बसलेले आजोबा झालो. तुमच्या वहिनीने तर त्याला रुमाल दिला. मला सर्दी असताना मागितला होता तेव्हा मिळाला नव्हता. एका संध्याकाळी मी स्वतःच त्याला पाहून म्हटलं, कोण हो तुम्ही, आणि माझा कोट घालून काय उभे आहात? उत्तर आलं नाही तेव्हा रागावून जरा बोललोही. तेव्हाच घरात ठरलं की डोळ्याचं ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही, आणि मग तुम्हाला दवाखान्यातून तारीख घ्यायला सांगितलं.

इकडे ड्रायव्हर मात्र कंटाळला. कुणाला जायचं नसलं तरी उभे आजोबा उभेच, आणि हा ब्रेक मारून मोकळा. एके दिवशी तो खाली उतरला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि साऱ्या गावादेखत म्हणाला, "ह्या कोट-टोपीसाठी मी यापुढे ब्रेक दाबणार नाही. ज्याला यायचंय त्याने बाजूला उभं राहून हात करायचा." तेव्हापासून बस त्याच्यासमोरून सरळ निघून जाते. फक्त कंडक्टर बाई खिडकीतून त्याला मायेने टाटा करतात.

आता ऑपरेशनचा दिवस. आदल्या दिवशी तुमची वहिनी म्हणाली, दवाखान्यात चार माणसांत जायचं, धड कोट एकच आहे. तिने तो उतरवून आणला, धुतला, चुलीपाशी वाळवला. पहाटे गारवा होता म्हणून कानटोपीही मीच चढवली. उभे आजोबा बनियनवर खांबामागच्या चरात आडवे. गॅस बघून (बंद होता) मी वेळेत खाली आलो आणि खांबाशी उभा राहिलो. दाजी, आयुष्यात पहिल्यांदा मी बसच्या आधी थांब्यावर होतो. हॉर्न वाजला. बस आली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मी ड्रायव्हरकडे पाहिलं. कंडक्टर बाईंनी टाटा केला. बस गेली.

मी काय करावं या विचारात तसाच उभा होतो, तेवढ्यात सायकलवरून दूधवाला आला आणि खाली न उतरता किटली माझ्या हाताला अडकवून पुढे निघाला. मी म्हटलं, "अरे, मी आहे." तो सायकलसकट चरात गेला, नेमका उभ्या आजोबांच्या अंगावर, आणि तिथून जो ओरडला त्याने अर्धं गाव गोळा झालं. त्याला उचलून घरी नेण्यात सकाळ गेली. दुसरी बस संध्याकाळी. तेव्हा तुम्हीच सांगा, यात माझा दोष कुठे? धाकटीलाही हे वाचून दाखवा, आणि खोकल्याचं कळवा.

तुमचा, बसलेल्या जागी,
मेहुणा

ता. क. तुमच्या वहिनीने पत्र वाचलं. ती म्हणते, हात का नाही केला तेही लिहा. माझ्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्यात पिशवी.

ता. क. ती म्हणते, पिशवी खाली ठेवली होती. आणि छत्री घरीच राहिली होती, हेही ती म्हणते.

ता. क. ती आता झोपली आहे. दाजी, न्हावी म्हणतो की डोळ्यात सुई घालतात तेव्हा माणूस जागा असतो. हे खरं का? खरं असलं तर कळवू नका. नवी तारीख घ्या, पण या वेळी दवाखान्याच्या दारात उभे राहू नका. आदल्या दिवशी इथे या, आणि सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसा. बोलायची गरज नाही, रागावूनच बसा. परतीच्या बसला मीच हात करीन. शिंप्याने आता उभ्या आजोबांचा हात वर शिवला आहे, त्यामुळे बस पुन्हा थांबू लागली आहे आणि तुम्ही येताना बरोबर इथेच उतराल. मी न्यायला आलेला असेन. दोघांचे कोट एकाच रंगाचे आहेत, कारण शिंप्याने त्याला नवा शिवून दिला. गोंधळू नका. जो थरथरत असेल, तो मी.