मागून डावीकडे बसलेली गाडी

प्रिय दादा,

गाडीचं खोकं परत मिळालं, आत तुझी चिठ्ठीही. तू लिहितोस, गाडी सुरेख झालीय, पण मागून डावीकडे बसलीय. लग्नात चार लोक बघणार, तेव्हा सरळ करून पाठव, नाहीतर टेबलावर ठेवणार नाही. वा रे वा! तुझ्या लेकीनं स्वतःच्या लग्नासाठी हौसेनं आजोबांच्या गाडीची छोटी प्रतिकृती मागितली, आत्यानं डोळे फोडून ती केली, आणि तिला नापास करणारा तू कोण? मी सरळ करणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीबद्दल शेवटीच बोलू.

तुला वाटतंय मला जमलं नाही. अरे, प्लॅस्टिकच्या गाड्या जोडता जोडता माझे केस पिकले! गाडी जमिनीपासून किती उंच बसते, हीच तर त्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी. खोक्यातले भाग जसेच्या तसे चिकटवले की कधी तोंड वर, कधी एक चाक हवेत. मी गाडी काचेवर ठेवते आणि प्रत्येक चाकाखाली कागदाचा कपटा सरकवते. जिथे तो सुळकन आत जातो, ते चाक अधांतरी. मग तळ वाकडा असेल तर गरम पाण्यात धरून सरळ करायचा, चाकांचा दांडा बसतो ती खाच घासायची, नाहीतर तिच्यात पातळ पट्टी भरायची. हे सगळं करून तुझी गाडी अगदी सुतात बसली होती. त्यानंतर मी मागची डावी खाच मुद्दाम खोल केली. चाकं चारही टेकलेली आहेत, हवं तर कपटा घालून बघ.

कारण बाबांची गाडी तशीच होती. तू कसा विसरशील? पोरं म्हणायची, बहीण लंगडी आणि गाडीपण लंगडी. तू शाळेच्या एक गल्ली आधीच उतरून चालत जायचास. त्याचा मला राग नाही, पोरवय होतं. राग याचा येतो की अजून चारचौघांत सांगतोस, बाबा एवढे टापटिपीचे, पण गाडीच्या त्या बसलेल्या कमानीकडे, चाकावरच्या स्प्रिंगकडे, त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. आता मात्र ऐक.

पायाला लोखंडी पट्ट्या होत्या तेव्हा मला रोज कुणीतरी उचलून गाडीत बसवायचं, आणि रोज मी रडून घर डोक्यावर घ्यायची. एका सुट्टीच्या दिवशी बाबा गाडीखाली शिरले आणि मागच्या डाव्या कमानीतले दोन पोलादी पाटे काढून टाकले. ती बाजू चांगली चार बोटं खाली आली. मग दार उघडून, हात मागे बांधून ते नुसते उभे राहिले. मी दाराला धरून चढले. एकटी! गाडी भाड्यानं चालायची, गिऱ्हाइकं कुरकुरायची, तरी त्यांनी ते पाटे परत कधी घातले नाहीत. तुला सांगू नको म्हणाले, कारण गाडी माझ्यापायी वाकडी झाली हे कळलं तर तू मला चिडवशील.

आता तूच लेकीला निरोप देणारा बाप झालास, म्हणून सांगतेय. गाडी आहे तशीच परत पाठवतेय. टेबलावर ठेव किंवा माळ्यावर टाक, पण तिच्या कमानीला हात लावायचा नाही. आणि ती शेवटची ओळ, फोटोपुरता तरी जाड तळाचा बूट घालून ये म्हणालास ती. नाही घालणार, दादा. मी लग्नाला येणार, पहिल्या रांगेत बसणार आणि तुझ्या शेजारी जशी उभी राहते तशीच उभी राहणार. फोटोवाल्याला ते वाकडं दिसत असेल, तर त्यानं कॅमेरा तिरका धरावा.

तुझीच,
हट्टी धाकटी