मुंबई-लंडन हवाई अंतर

१० नोव्हेंबर १९६७, बालाघाट
सुनंदा भाऊबीजेला किरनापूरला भावाकडे गेली. म्हणाली, आठ दिवसांत न्यायला या. आमच्यात माहेरी गेलेली बाई एकटी परतत नाही, घरच्या माणसानं जाऊन आणायची. जाणार. पण एकटा नाही. लंडनहून गुणाकरला बोलावतो आणि मुलाला घेऊनच तिच्या दारात उभा राहतो. आजच पत्र टाकलं.

२१ नोव्हेंबर, दुपारी
ऑफिसातल्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली. मुंबई-लंडन पाच हजार मैल. जन्मभर रस्त्यांचे नकाशे काढतोय. माप चुकणार नाही.

२२ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलाचा मोतीलाल म्हणाला, पृथ्वी गोल आहे साहेब. पृथ्वीगोलावर दोरा ताणला. साडेचार हजार! एका दिवसात पोरगं पाचशे मैल जवळ आलं.

४ डिसेंबर
गुणाकरचं उत्तर. सध्या रजा नाही, नाताळात बघतो. म्हणजे येतोच.
सुनंदाचा भाऊ नीळकंठ बाजाराला आला होता. तिला ताप येतोय म्हणे. मी त्याला जेट विमानाचा वेग समजावला. पोहे संपवून तो म्हणाला, "भाऊजी, इमानाचं राहू द्या. तुम्ही येऊन राह्यले का नाही, तेवढं सांगा. बाई रोज मोटारीच्या टायमाले ओट्यावर बसते."
शिक्षण कमी, दुसरं काय.

२७ डिसेंबर
नाताळ झाला. तिकडे बर्फ असणार, विमानं अडली असतील. मी आज जाऊ शकलो असतो. पण एकटं गेलं तर सगळं सरप्राइज फुकट. शिवाय किरनापूरच्या सर्व्हिस मोटारीच्या खिडक्यांना काचा नाहीत, आणि मला सर्दी.

८ जानेवारी १९६८
गुणाकरच्या चार ओळी. उन्हाळ्यात बघतो. तोवर विमानं आणखी वेगवान होतील, म्हणजे अंतर घटलंच.
नीळकंठचा निरोप: ताप उतरत नाही, निघून या. रविवारी नक्की.

१४ जानेवारी, रविवार
संक्रांत. उद्या किंक्रांत. मी असलं मानत नाही, सुनंदा मानते. तिच्या मनाला लागेल असं कशाला करा? परवा.

१७ जानेवारी, किरनापूर
काल आलो. मोटारीला तासही लागला नाही. रस्ता उत्तम, नकाशा माझाच. ओट्यावर माणसं बसली होती. सुनंदा पहाटेच गेली होती. अग्नी द्यायला माझ्यासाठी थांबले होते.
नीळकंठच्या बायकोला, अनुसयेला, विचारलं, शेवटी गुणाकरचं नाव घेतलं का?
"नाही भाऊजी. 'हे आले का?' एवढंच इचारे."

१८ जानेवारी, बालाघाट
नीळकंठनं अस्थींचं गाडगं हातात दिलं. मोटारीत मांडीवर घेऊन बसलो. अस्थी घरात नेत नाहीत. परस्पर वैनगंगेवर गेलो.