शेवटच्या रांगेतलं व्हायोलिन

४ मार्च

तिसरी नोकरी सोडली. मामाकडे आले. मामी म्हणाली, "आली का भिंगरी!" मामाने काही न विचारता उशी दिली. बॅगेत कपडे थोडे, हेडफोन मात्र हे एवढे! शेवटच्या पगारातले. यात म्हणे गाणं चारी बाजूंनी ऐकू येतं. सोबतची पुस्तिका अर्धी वाचली, मग खिडकीत दोन कबुतरं भांडायला लागली.

५ मार्च

मान फिरवली तरी गायिका आपली जागा सोडत नाही! दिवसभर तेच केलं. मामी — "मान लचकली का गं?"

७ मार्च

आज मामाला ऐकवलं. त्याची ती एकुलती एक रेकॉर्ड. तरुणपणी वीस व्हायोलिनांत, शेवटच्या रांगेत बसून वाजवलेली. मामी आल्यागेल्याला सांगते, "ह्यांचं आहे हं त्यात!" पण आजवर ते वेगळं कुणाला ऐकू आलेलं नाही. गाणं फोनवर सापडलं. चारी बाजूंचं बटण दाबलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवले.

मामाने मागे वळून बघितलं. खरंच वळून!

"मागे, उजवीकडे एक व्हायोलिन आहे. कोण गं ते?"

"कोण काय? तूच! जो जिथे बसला होता, तिथूनच ऐकू येतो." छातीठोकपणे सांगितलं मी.

मामा रडला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मामीने लगेच त्याच्या जुन्या वादक मित्रांना फोन लावले — रविवारी या, ह्यांना ऐकायला!

८ मार्च

वायर घ्यायला दुकानात गेले. फुशारकी मारत सगळं सांगितलं. विक्रेत्याने गाणं बघितलं. "ताई, हे साधंच रेकॉर्डिंग आहे. तुमचा फोन ते नुसतं पसरवतोय. कोण कुठे बसलं होतं, हे त्याला कोण सांगणार?"

पुस्तिकेच्या उरलेल्या अर्ध्यात हेच लिहिलं होतं.

कुठे तोंड लपवू?

९ मार्च

आज सांगायचं ठरवलं होतं. मामी शेजारून खुर्च्या घेऊन आली. नाही सांगितलं. भित्री मेली!

१० मार्च

तिघे आले. चष्मेवाल्याने ऐकलं आणि ओरडला, "अरे, हा तर मी!"

टकलू म्हणाला, "हट्! तू डावीकडे डुलक्या घेत होतास. मी आहे हा!"

तिसऱ्याला तर तिथे स्वतःशिवाय कुणी ऐकूच येईना. काय ती भांडाभांडी, काय तो हशा! मामा पाणी आणायला म्हणून आत गेला, तो बाहेर आलाच नाही. माझ्यामुळे. त्याचं होतं-नव्हतं तेवढं मी चौघांत वाटून टाकलं.

११ मार्च

सांगून टाकलं. "मामा, मी फेकलं. तुझी जागा मला माहीत नाही. फोनलाही नाही."

त्याने आधी दार लोटलं. मग हळूच — "मी तिथे नव्हतोच गं. दारापर्यंत गेलो आणि घाबरून परत फिरलो. माझ्या खुर्चीत दुसऱ्याला बसवलं. त्या दिवशी ऐकताना वाटलं, तोच वाजवतोय."

"मामीला माहीत आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

इतक्यात मामी आतून — "परत लावा ना ह्यांचं व्हायोलिन! मी अजून ऐकलंच नाही."