आतला भाव

माय, गेल्या रविवारी मी माझ्या पोरीला भर रांगेत थोबाडीत मारली. तिचा ओठ दातावर आपटून फुटला. तू जाऊन सोळा-सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण रविवारपासून हा उजवा हात मला माझा वाटत नाही, म्हणून आज ड्युटीवरून आले आणि कपडेही न बदलता लिहायला बसले.

आम्ही पुण्याच्या बाहेर एका मोठ्या पार्कात गेलो होतो. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, कृत्रिम गुहा, सगळं. पोरगी सात वर्षांची आहे, महिनाभर मागे लागली होती. दारात हातमोजे घातलेल्या मुलीनं माझी पिशवी उघडली आणि पोळीभाजीचा डबा, पाण्याच्या दोन्ही बाटल्या अगदी गोड हसत बाजूला काढून ठेवल्या. 'मॅम, बाहेरचं अलाउड नाही.' मी पिशवीची चेन लावली आणि आत गेले. आत पाण्याची बाटली ऐंशी रुपये. छोले-भटुऱ्याचं एक ताट तीनशे वीस, मक्याच्या लाह्यांचा डबा अडीचशे. रांगेत सगळे मान खाली घालून मोबाइलनं पैसे भरत होते, मीही भरले. दोन तासांत तीन बाटल्या झाल्या. चौथी पोरीच्या हातून निसटली आणि सगळं पाणी फरशीवर गेलं. ती म्हणाली, 'आई, अजून एक घे ना.' आणि माझा हात उठला. ती रडली नाही. ओठाला बोट लावून तिनं रक्त बघितलं आणि म्हणाली, 'पाणीच तर मागितलं.' मागचा माणूस म्हणाला, 'अहो ताई, लहान आहे ती.' ह्यांनी पोरीला उचललं आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं, मारायचंच होतं तर काउंटरवरच्याला मारायचं होतं. तू त्यालाच मारलं असतंस. तू मारलंच होतंस.

तुझा हात मला ठाऊक होता. घरात तो रोज कुणावर ना कुणावर पडायचा. मी दुधाचं पातेलं सांडलं तेव्हा तू चुलीतलं लाकूड उगारलं होतंस आणि ऐन वेळी स्वतःच्याच मांडीवर मारून घेतलं होतंस. बाप पिऊन आला की तो तुझ्यावर आणि तू त्याच्यावर, मी माळ्यावर चढून बसायची. एकदा कापूस मोजताना काट्यावरच्या माणसानं पाय टेकवून वजन चोरलं, तर तू विळा घेऊन त्याच्यामागे पार नाल्यापर्यंत धावली होतीस. सोनाळ्याच्या बाजारात बाया तुला वाट द्यायच्या. मला तुझा अभिमान वाटायचा आणि लाजही वाटायची, दोन्ही सारखंच.

ते वर्ष तुला आठवत असेल. आपल्या भागात बीटी कापसाचं बियाणं नवंनवं आलं होतं. पाकीट महाग, म्हणून आधी कुणी हात लावला नाही; आपल्या मालकानं मात्र सगळ्या वावरात तेच लावलं. पऱ्हाटी माझ्या डोक्याच्या वर गेली, बोंडं एवढी की फांद्या मोडायच्या. तुम्ही अकरा बाया चार महिने वेचत होतात. किलोमागं दीड रुपया. बोंडाच्या वाळल्या टोकांनी तुझी बोटं सोलून निघायची, रात्री तू त्यांना गोडंतेल लावून फुंकर मारत बसायचीस. पण बोटं तुझीच होती अख्ख्या टोळीत. दोन्ही हातांनी एकाच वेळी वेचायचीस, न बघता. बाकीच्या बायांची एक ओळ होईस्तोवर तुझी दीड व्हायची. शेवटचा वेचा झाला, उलंगवाडी झाली, तेव्हा मालक खुशीत होता. म्हणाला, 'यंदा तुमाले साडी नाही देत. खामगावच्या पल्याड हायवेवर नवं वाटर पार्क झालं, तिथं नेतो साऱ्याइले. लेकरं बी घ्या.'

एप्रिल महिना. मेटॅडोरमध्ये आपण शेळ्यांसारखे भरलेले, आणि तरी सगळ्या बाया गात होत्या. तू पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापल्या होत्यास, वांग्याची भाजी, ठेचा, आणि पाण्याच्या दोन कॅन. मी अकरा वर्षांची. अंगात शाळेचा फ्रॉक, कारण दुसरा बरा नव्हता. दारात गार्डनं पिशव्या उलट्या केल्या, कॅन ठेवून घेतल्या. निळ्या पिंपात भाकरी पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, ओल्या मातीवर ढेकूळ पडावं तसा. तू त्याचं मनगट धरलंस.

'काऊन फेकून राह्यला बे? अन्न हाये ते.'

'बाहेरचं आत चालत नाही. बोर्ड वाचा.'

'मले नाही वाचता येत. माह्या पोरीले येते. वाच वं.'

मी वाचलं. बाहेरील खाद्यपदार्थ व पाणी आणण्यास सक्त मनाई आहे. तू ऐकलंस आणि मनगट सोडलं नाहीस. मालकानं मध्ये येऊन तुझा हात सोडवला. 'जाऊ दे वं, आत सारं भेटते. मी जिनिंगवर जाऊन येतो, पाचले परत येतो.' तिकिटं त्यानं काढली होती. आतल्या खाण्याचं तो काही बोलला नाही, आणि त्याला विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

आत गेल्यावर कळलं की साडीवर पाण्यात उतरता येत नाही, भाड्याचे कपडे घ्यावे लागतात. म्हणून तुम्ही सगळ्या हौदाच्या काठावर पाय सोडून बसलात आणि आम्ही लेकरं पाण्यात. मी तुझ्याकडे बघायची, तू पदर डोक्यावर ओढून त्या निळ्या पाण्याकडे बघत बसलेली. बारा वाजेपर्यंत फरशी तापून पाय ठेववेना. पिण्याच्या पाण्याचं एक मशीन होतं, पण बंद, त्याच्या तोटीला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. दोन लेकरं हौदातलं पाणी प्यायली आणि औषधाच्या वासानं ओकली. मग चाची कलंडली. मुसलमानवाड्यातली चाची, टोळीत सगळ्यात म्हातारी, कायम तुझ्या शेजारची ओळ धरणारी. आधी म्हणाली, 'बेटा, जरासा पानी,' आणि बोलता बोलता फरशीवर आडवी झाली. तोंडाला कोरड, डोळे पांढरे. मी आज नर्स आहे, मला ते काय होतं ते ठाऊक आहे आणि त्यात किती वेळ हातात असतो तेही ठाऊक आहे. तुला नुसतं बघून कळलं.

तू मला ओढत काउंटरवर नेलंस. 'काय लिहिलं हाये पाण्याचं?' मी फळा वाचला. समोसा पंचवीस, थंडं चाळीस, पाणी तीस. दुकानात तीच बाटली दहाला होती. तू पदराची गाठ सोडून बारा रुपये काउंटरवर ठेवलेस.

'एक बाटली दे, भाऊ. म्हातारी पडली तिथं. बाकी मालक आला का देतो.'

काउंटरवरचा पंचविशीतला, डोक्यावर पार्कची टोपी. 'तीस आणा मावशी. बाहेरचा भाव बाहेर, इथं आतला भाव.'

'तीस रुपये म्हंजे वीस किलो कापूस होते बे. हे पाणी हाये का वीस किलो कापूस?'

'मले काय माहीत? बाजूला व्हा, मागं लाइन हाये.'

तू काउंटरवरून हात घालून एक बाटली उचललीस. त्यानं ती धरली. दोघांच्या ओढाताणीत झाकण उडालं आणि पाणी तुमच्या दोघांच्या अंगावर सांडलं. त्यानं तुझ्या छातीवर हात ठेवून तुला ढकललं, म्हणाला, 'ऐपत नाही त कायले येता, भिकारडे!' तू पडली नाहीस. शेजारच्या क्रेटमधून थंड्याची काचेची बाटली घेतलीस आणि त्याच्या कपाळावर मारलीस. एकदाच. बाटली फुटली नाही, कपाळ फुटलं. रक्त समोशांच्या परातीत पडलं. मग दुसरी बाटली तू समोरच्या काचेवर मारलीस आणि सगळी काच खाली आली. लोक ओरडत पळाले. फुटक्या काचेतून हात घालून तू पाण्याच्या तीन बाटल्या काढल्यास, एक माझ्याकडे फेकलीस. 'पळ! चाचीले पाज!'

मी पळाले. चाचीचं डोकं एका बाईनं मांडीवर घेतलं होतं, मी तिच्या तोंडात पाणी सोडलं, ती ठसकली आणि तिनं डोळे उघडले. चाची जगली, माय. तुझ्यानंतरही चार वर्षं जगली. एवढं तरी तुला माहीत असावं.

मी वळून बघितलं तर तीन गार्ड तुझ्याभोवती. काठ्या होत्या त्यांच्याकडे. तू एकाच्या दंडाला चावलीस, तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्यानं तुझे केस धरून तुला खाली आणलं. पाठीवर, कमरेवर, पायावर, जिथं लागेल तिथं. दोन बाया सोडवायला धावल्या, त्यांनाही बसल्या. तू उठायला हात टेकलास आणि तिसऱ्यानं त्या हातावर काठी घातली, मग परत, मग परत. तू शिव्या देत होतीस तोवर मला भीती वाटली नाही. तू गप्प झालीस तेव्हा वाटली.

काउंटरवरच्याला कपाळावर फडकं दाबून कुणीतरी मोटरसायकलवर नेलं. त्याच्याबद्दल मी खूप वर्षं विचार केला नाही. आता शेकडो कपाळांना टाके पडताना ट्रे धरून उभी राहिल्यावर करते. तो जवळच्याच कुठल्या तरी गावचा होता, बोलण्यावरून आपल्यातलाच. फळ्यावरचा भाव त्यानं लिहिला नव्हता. घरी जाऊन त्यानं आपल्या मायला काय सांगितलं असेल? पण त्यानं तुला ढकललं होतं, आणि तो शब्द वापरला होता. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मला रविवारपर्यंत माहीत नव्हतं. आता माहीत झालं. मी ऐंशी रुपये भरले असते आणि घरच्या लेकराला मारलं असतं.

पाचला मालक आला. त्यानं हात जोडले, काचेचे पैसे कबूल केले, पोलिसांपर्यंत जाऊ दिलं नाही. तुला मात्र म्हणाला, 'अखोन कदी वावरात दिसू नोको.' मेटॅडोरमध्ये कुणी गायलं नाही. तू फळीला टेकून बसलीस, हात पदरात गुंडाळलेला, पदरावर डाग पसरत चाललेला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. अंगठा बरा झाला, पण मधली दोन बोटं कायमची वाकडी राहिली. पुढच्या दिवाळीला तू दुसऱ्याच्या वावरात गेलीस. माझ्या डोळ्यांसमोर बोंडं तुझ्या बोटांतून निसटायची, तू परत धरायचीस, परत निसटायची. संध्याकाळी तुझं गाठोडं टोळीत सगळ्यात लहान. मग तू वेचणं सोडलंस आणि रस्त्याच्या कामावर खडी उचलायला लागलीस. त्या खडीवर माझी शाळा झाली. मारणं तू तेव्हापासून बंद केलंस, बापालाही. मला वाटायचं, हात दुखतो म्हणून. कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात चल म्हणून मी रडले, तर तू म्हणालीस, 'तिथं बी आतलाच भाव असन.' हसून म्हणालीस.

एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. मार थांबल्यावर त्यांनी तुला तिकीटखिडकीमागच्या खोलीत नेऊन बसवलं. दार अर्धवट उघडं होतं. मॅनेजर बाहेर आला, घाम पुसत होता, आम्हा लेकरांना विचारलं, 'या बाईचं कोण हाये इथं?' सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, 'ते माही माय नोय. आमच्या गावातली बाई हाये.' दार चार पावलांवर होतं. तुला ऐकू गेलं की नाही, हे मी तुझ्या तोंडावर शोधत राहिले, तू मरेपर्यंत. एकदाही काही सापडलं नाही. इतकं काहीच न सापडणं म्हणजे तुला ऐकू गेलं होतं, असं मला आता वाटतं.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुझ्या नावानं टाकायला पेटी नाही, आणि तुला आलेलं कुठलंही पत्र वाचून दाखवणारी मीच होते. पोरीचा ओठ सुकत आलाय. आज सकाळी ती माझ्या हातून जेवली. तिची माफी मागायची राहिली आहे, ती मी तिच्याकडे मागेन, तुझ्याकडे नाही.

तुला सांगायचं ते वेगळंच आहे. मी नाही म्हटल्यावर त्या मॅनेजरला बहुतेक माझी दया आली. त्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि कागदी ग्लासात केशरी रंगाचं थंडं दिलं. फुकट. मी ते एका दमात प्यायले. आतून तुझ्या कण्हण्याचा आवाज येत होता. इतकं गार, इतकं गोड मी तोवर काही प्यायले नव्हते. दुसरा ग्लास त्यानं दिला नाही, माय. मी मागून घेतला.