गरम पाण्यात धुतलेला पायजमा

रविवार, १९ सप्टेंबर
दुपार

चि. ठोंब्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि घरातल्या लहानमोठ्यांना पोटभर आशीर्वाद. आजोबा झालास तरी मी तुला ठोंब्याच म्हणणार, त्याला इलाज नाही.

डोळा छान आहे. मोतीबिंदू काढल्यापासून भिंतीचे पोपडे, कपाटावरची धूळ, शेजारणीने केसांना लावलेला रंग, सगळं लख्ख दिसतं. लाँड्रीही बरी चालली आहे. हॉटेलच्या चादरी पुन्हा येऊ लागल्यात आणि इस्त्रीवाला वेळेवर येतो, म्हणजे जग सुधारतंय म्हणायचं. डोळ्याला पट्टी होती तेव्हा तू येऊन राहिलास, स्वयंपाक केलास, थेंब घातलेस. निम्मे थेंब कानात गेले, पण मनापासून घातलेस.

तुझा एक पायजमा इथे राहिलाय. मागच्या दोरीवर, चादरींच्या आड वाळत होता. घडी करून ठेवलाय.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, पुन्हा बसले. आता आडवळणं पुरेत.

ज्याने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो बहिणीच्या लाँड्रीत येऊन गुपचूप स्वतःचा पायजमा धुतो, तिथेच मनात पाल चुकचुकली. आणि धुतलास तो गरम पाण्यात! अरे शहाण्या, रक्ताच्या डागाला आधी गार पाणी. गरम पाण्याने तो कापडात कायमचा बसतो. याच मोरीत लहानाचा मोठा झालास आणि एवढं शिकला नाहीस? गार पाणी घेतलं असतंस तर मला कधीच कळलं नसतं. म्हणून त्या गरम पाण्याचे मी उपकारच मानते.

फोनवर विचारलं तेव्हा म्हणालास, "ताई, दिवसभर बसच्या इंजिनाच्या धगीवर बसतो. ड्रायव्हरला मूळव्याध नाही तर काय राजयोग असणार?" तू हसलास, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

मग मी एक आगाऊपणा केला. डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि तुझं दुखणं माझं म्हणून सांगितलं. तू लाजतोस, तर मी विचारून घेते, म्हटलं.

"संडासातून रक्त पडतं," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"दोनेक महिने असतील."

"असतील म्हणजे? रंग कसा? लाल की डांबरासारखा काळा?"

"लालच. डाग तरी तसाच होता."

"पोट नेहमीसारखं साफ होतं, की अलीकडे काही फरक पडलाय?"

"ते विचारून सांगते," मी बोलून गेले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाला विचारून?"

काय सांगू, भर दवाखान्यात माझं तोंड पाहण्यासारखं झालं. मग सगळं कबूल केलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. म्हणाल्या, "आजी, भावाचं पोट तुमच्या तोंडून कसं तपासू? त्यांनाच पाठवा."

पण बसवून घेऊन नीट समजावलं. लाल रक्त बहुधा खालच्या भागातलं असतं, आणि पुष्कळदा मूळव्याध नाहीतर तिथल्या कातडीची चीरच निघते. बीट खाल्लं तरी शी लाल दिसते, लोहाच्या गोळ्यांनी काळी होते. पण हे तपासल्यावर म्हणायचं, तपासायच्या आधी घरबसल्या नाही. मूळव्याध आहे म्हणून आत दुसरं काही नाही, असंही नसतं. तुझ्या वयाला दुर्बिणीची तपासणी करून घेतलेलीच बरी, आणि आतली गोष्ट लवकर हाती लागली तर उपाय पुष्कळ असतात. कंबरेसाठी तू दुकानातून गोळ्या आणून खातोस, तेही त्यांना सांग. तसल्या गोळ्यांनीही पोटात रक्त येऊ शकतं. आणि रक्त जास्त पडलं, शी काळी चिकट झाली, चक्कर आली किंवा पोटात फार दुखलं, तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नकोस. त्याच घटकेला हॉस्पिटल गाठ. आणि तेव्हा गाडी चालवू नकोस, बाबा.

निघताना त्यांनी विचारलं, "वजन उतरलंय का त्यांचं?"

हे लिहायचं मी मघापासून टाळतेय. तुझ्या कंबरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं मी पाहिलीत. ते सांगितलं आणि बाईंचं हसू थांबलं. "आठवड्याच्या आत आणा," एवढंच म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने वेळ लिहून दिली. शुक्रवार, सकाळी दहा.

डेपोत एका दिवसाची रजा टाक. दुखणं कळलं तर हातातली गाडी काढून घेतील ही धास्ती मला कळते. पण गाडी परत मिळते रे.

बायकोला काही सांगितलं नसशील, हे मी ओळखून आहे. तोंडाने बोलवत नसेल तर हे पत्र तिच्या हातात दे. आधी का नाही सांगितलं म्हणून चिडेल. चिडू दे. तिचा हक्क आहे, तू खाली मान घालून ऐक.

शुक्रवारी आला नाहीस तर शनिवारी तुझ्याच बसमध्ये तुझ्या पाठीमागच्या सीटवर बसेन आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत मोठ्याने तुझ्या पोटाची चौकशी करीन. कंडक्टरने उतरवलं तरी उतरणार नाही.

ही झाली थट्टा. मला भीती वाटते, ठोंब्या. काही नसेल तर दोघं मिळून हसू. काही असेल तर आत मी तुझ्या शेजारी बसेन. पण आईबापांच्या घरातले आता आपण दोघंच उरलो, आणि माझ्या आधी जायला मी तुला परवानगी दिलेली नाही.

शुक्रवारी साडेनऊपासून दवाखान्याच्या दारात उभी असलेली,
तुझी ताई