खुर्चीची मागणी

वहिनी,

मी पहिल्या पाळीला चाललोय. परवा युनियनचं मागणीपत्र वाचून दाखवलं, तेव्हा तू म्हणालीस, "आणि आम्हाला बसायला खुर्ची?" मी हसलो. चुकलंच माझं. मी गोदामात ट्रक भरतो, तुझ्यासारखं आठ तास उभ्याने पॅकिंग कुठे केलंय?

काल जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांना खुर्चीचं विचारलं. महिनाभर युनियनचं नाव काढलं की उठून जायच्या, त्यातल्या अकराजणींनी तिथेच सभासद व्हायच्या फॉर्मवर सह्या केल्या. एक मावशी म्हणाल्या, "एवढं सुचायला महिना लागला?" म्हटलं, मला नाही, वहिनीला सुचलं.

तुझा फॉर्म फ्रिजवर ठेवलाय. सही केलीस तर तुझं सुपरवायझर होणं लटकेल, हे मला कळतं. नाही केलीस तरी राग नाही. केलीस, तर कोरे फॉर्म आणि पेनही सोबत ने. तुझ्या दुसऱ्या पाळीतल्या बाकीच्या मागतील.